चिखलाची बाजू

इंदूरचा सिरपूर तलाव होळकरांच्या अमदानीत, विसाव्या शतकाच्या आरंभी, माणसांच्या सोयीसाठी बांधला गेला. त्यावर पाखरांनी आपला हक्क केव्हा बसविला, हे कोणत्याही दप्तरात सापडावयाचे नाही. शरद सरत आला आणि कार्तिकातील सकाळी गार होऊ लागल्या, म्हणजे आम्ही काही इंदूरकर स्नेही दुर्बिणी गळ्यात अडकवून धार रस्त्याने तिकडे निघतो, तेव्हा हिमालयापलीकडून आलेली चक्रवाकांची जोडपी आणि तलवार बदके आमच्या आधीच मुक्काम ठोकून असतात. आमच्यातील एक गृहस्थ पोह्यांचा डबा उघडल्यावाचून कोणत्याही पक्ष्याचे नाव निश्चित करीत नाहीत, एवढे सोडले तर मंडळी शिस्तीची आहेत.

नवख्याची नजर खोल पाण्यावरील बदकांकडे जाते; खरा संसार मात्र काठावर असतो. पर्जन्यकाळानंतर पाणी हळूहळू मागे सरते आणि ओल्या गाळाची नवनवी पट्टी उघडी पडत जाते. त्या गाळात लांब चोचीचा पाणलावा खोलवर चाचपतो, तुतवार वरवरचे किडे टिपतो, उंच पायांचा शेकाट्या उथळ पाण्यात भक्ष्य शोधीत हिंडतो, थापट्या बदक आपल्या पसरट चोचीने तेच पाणी गाळून घेते, आणि एकाच पंगतीला बसूनही कोणी कोणाच्या पानावर हात घालीत नाही. मागे पाणकणसाच्या दाटीत जांभळ्या पाणकोंबडीचे बिऱ्हाड असते.

हा काठ दिसावयास गबाळा असतो, आणि २०१७ पासून स्वच्छतेचा पहिला मान वर्षानुवर्षे राखणाऱ्या आपल्या नगराची अडचण नेमकी येथे आहे. त्या मानाचा मलाही अभिमान आहे. परंतु सराफा बाजाराचा रस्ता धुण्याची शिस्त तलावाला लावून, दगडी पायऱ्या, दिव्यांच्या माळा आणि कापलेली हिरवळ यांचा सरंजाम पाण्याला भिडविला, किंवा नौकाविहारासाठी हिवाळाभर पातळी काठोकाठ राखली, तर ती गाळाची पट्टी उघडी पडणारच नाही.

तलावाच्या वाट्यालाही मान आले, पण ते आयते नव्हेत. २०१६ साली पद्मश्री मिळालेले भालू मोंढे आणि त्यांची ‘द नेचर व्हॉलंटियर्स’ ही संस्था यांनी या तलावासाठी चिकाटीने श्रम केले. पुढे २०२२ मध्ये सिरपूर व यशवंतसागर या दोन्ही तलावांची नावे पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत आली, आणि २०२५ मध्ये उदयपूरसह इंदूरला पाणथळ नगराची मान्यता मिळाली, जी तोवर भारतातील अन्य कोणत्याही शहराला लाभली नव्हती. या सनदांचे मोल मी जाणतो. पण काठाचा बंदोबस्त सनदेवर सोपवून चालत नाही.

म्हणून माझी सूचना लहानशी आहे. सुशोभनाचा कोणताही नकाशा मंजूर करण्यापूर्वी संबंधित अंमलदारांनी कार्तिकातील एक सकाळ येथे घालवावी, आणि चिखलाच्या बाजूस नकाशावर एकही रेघ ओढू नये. फिरावयास येणाऱ्यांना उरलेला बांध पुरेसा आहे.