आधी वाचून घ्या, मग सही करा

मुडबी आणि आसपासच्या गावांतल्या मंडळींना कळकळीची विनंती आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरात मराठी, पण जमिनीची पहाणी येते कानडीत आणि कर्जाचा करारनामा असतो इंग्रजीत. एजंट पेन्सिलीनं फुल्या मारून देतो, 'इथं करा, इथं करा' म्हणतो, आणि आपण भराभर सह्या करतो, कुणी अंगठा उठवतं. वर नोटरीचा गोल शिक्का बसला की वाटतं, सरकारनंच कागद पास केला.

तसं नसतं. नोटरी म्हणजे १९५२ च्या कायद्याखाली सरकारनं नेमलेला माणूस, बहुधा अनुभवी वकील. सही करणारा तोच आहे ना हे पाहायचं, सही आपल्यासमोर करून घ्यायची, रजिस्टरात नोंद करून तिथंही त्याची सही घ्यायची, हे त्याचं काम. प्रतिज्ञापत्राची शपथही तो देतो. पण व्यवहार तुमच्या फायद्याचा आहे, अशी हमी त्या शिक्क्यात नाही. तुम्ही घरी बसलात आणि कागद परस्पर शिक्का मारून आला, तर तो घेऊ नका. स्वतः जा.

जमिनीच्या बाबतीत तर फारच जपा. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या जमिनीची विक्री सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलेल्या खरेदीखतानंच होते. नोटरी केलेल्या बाँडवर किंवा नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी मिळत नाही; सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये हे स्पष्ट सांगितलंय. आयुष्यभराची पुंजी अशा बाँडवर मोजू नका.

कर्जाचे कागद आणणारा एजंट बऱ्याचदा कमिशनवर काम करतो. तो गोड बोलेल, पण 'नंतर भरून घेतो' म्हणून कोऱ्या फॉर्मवर सही मागितली तर सरळ नाही म्हणा. घर, गाडी किंवा छोट्या धंद्यासाठी मुदतीचं कर्ज घेत असाल, तर बँकेला आधी एक तपशीलपत्रक द्यावं लागतं. त्यात व्याज, सगळे चार्ज, हप्ते आणि वर्षाला पडणारा खरा दर असतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेचा हा नियम आहे, आणि पत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवं, समजावूनही सांगायला हवं. तेव्हा बेलाशक म्हणा, 'साहेब, मराठीत द्या.' विचाराला निदान तीन कामाचे दिवस मिळतात. पत्रक घरी आणा, शिकलेल्या लेकीसुनेकडून मोठ्यानं वाचून घ्या.

शेजाऱ्याला जामीन राहतानाही हेच करा. नुसती साक्षीदाराची सही म्हणून कुणी पुढं केलेला कागद जामीनकीचा निघाला, तर कर्जदारानं थकवलेले पैसे बँक थेट तुमच्याकडून मागू शकते.

घरकर्ज पूर्ण फिटलं की मूळ कागद ३० दिवसांत परत मिळायला हवेत. बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. शेवटच्या हप्त्याची पावती जपून ठेवा आणि ती तारीख कॅलेंडरवर लिहा.