एम्शर आणि कासाडी

शाळेंत भूगोल शिकवीत असतां आम्ही मुलांकडून जर्मनीच्या नकाशांत ऱ्हूर खोऱ्यावर काळ्या पेन्सिलीची खूण करून घेत असूं. कोळसा, लोखंड, पोलाद; निसर्गसंपत्तीचें उत्तर एवढ्यांत पुरें होई व परीक्षकहि पूर्ण गुण देत. त्याच खोऱ्यांतून एम्शर नांवाची एक लहानशी नदी वाहते, हें आम्हीं कधीं सांगितलें नाहीं. कारण तें आम्हांसच ठाऊक नव्हतें.

या एम्शरचें चरित्र ऐकण्यासारखें आहे. खाणी वाढल्या तशी तेथील जमीन जागोजाग खचूं लागली. अशा जमिनींत नळ पुरले तर ते फुटावयाचे. म्हणून गांवांचें व कारखान्यांचें मैलापाणी उघड्यावरूनच वाहून नेणें भाग पडलें. शेजारची ऱ्हूर नदी पिण्यासाठीं राखून एम्शरचें गटार करण्यांत आलें. काँक्रीटचा तळ, सरळ कांठ, आणि आंत काळें पाणी! परंतु एक गोष्ट त्या लोकांनीं आरंभींच केली. १८९९ सालीं त्यांनीं एक संघ स्थापिला व १९०४ च्या कायद्यानें त्यास बळकटी आणली. नदीकांठचीं नगरें, खाणी व कारखाने त्याचे सभासद. वर्गणी टाळण्याची सोय नाहीं. पुढें खाणी उत्तरेस सरकल्या, जमीन स्थिरावली, तेव्हां याच संघानें १९९२ पासून नदी पुनः जिवंत करण्याचें काम हातीं घेतलें. ५१ किलोमीटर लांबीचा भुयारी नळ घातला, सुमारें साडेपांच अब्ज युरो खर्चिले, आणि २०२१ च्या अखेरीस नदींत मैलापाणी पडणें थांबलें. मासे परतले. जर्मन मंडळी उपजतच शहाणी, असें मात्र कोणीं समजूं नये; शंभर वर्षें त्यांनीं नदीचें गटारच केलें होतें.

आतां घरची गोष्ट. आमच्या पनवेलजवळची कासाडी तळोजा औद्योगिक वसाहतींतून वाहत येऊन पुढें खाडीस मिळते. ऑगस्ट २०१७ मध्यें त्या वसाहतींतील मोकाट कुत्रीं निळीं झाल्याचीं छायाचित्रें सर्व जगानें पाहिलीं आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळानें एक कारखाना बंद करविला. कुत्र्यांचा रंग पावसानें धुवून गेला. नदीचें प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढें गेलें. सांडपाणी शुद्ध करण्याचें सामायिक केंद्र वसाहतींत आहे. परंतु उगमापासून खाडीपर्यंत सारी नदी जिच्या अंगावर, अशी एम्शरसारखी संस्था येथें नाहीं.

स्नानसमयीं सात नद्यांचें स्मरण करणारे आम्ही. कासाडीचें नांव त्यांत नाहीं म्हणून कीं काय, तिची चौकशी आम्हीं केली नाहीं. मत्स्याहार घरीं नसल्यानें खाडीचें दुःखहि आम्हांस उशिरांच कळलें. तें सांगितलें आमच्या एका जुन्या कोळी विद्यार्थ्यानें. “गुरुजी, मासा मिळतो, पण त्याला वास येतो. गिऱ्हाईक नाकाशी धरतं आणि परत टाकतं.”

एम्शरची हकीकत त्यास सांगितली. त्याचा पहिला प्रश्न पैशाचा होता. “भरले कोणी?”

घाण करणारांनीं व गांवकऱ्यांनीं मिळून, असें आम्हीं सांगितलें.

“आणि वर्षं किती लागली?”

तीस म्हणतांच तो हंसला. “मग हे माझ्या नातवाला सांगा,” असें म्हणून तो उठला. भरतीची वेळ झाली होती.