थरार हवा, पण हिशेबातला!

प्रत्येकाला कसला ना कसला नाद असतो. आमच्या विंगमध्ये एकीला क्रिकेटचे स्कोअर तोंडपाठ आहेत, एक जुनी नाणी जमवते, आणि एकीला नुसता झोपेचा नाद आहे. मला नाद आहे पाळण्यांचा. आकाशपाळणा, रोलर कोस्टर, ड्रॉप टॉवर, ब्रेक डान्स... जे जे म्हणून माणसाच्या पोटात गोळा आणतं आणि वर त्याचेच पैसे घेतं, ते सगळं मला आवडतं. घरचे म्हणतात, "हे कसलं वेड?" मैत्रिणी म्हणतात, "सायको!" पण अशी वेडी जगात मी एकटीच आहे का? मुळीच नाही. अमेरिकेत १९७८ पासून रोलर कोस्टरच्या शौकिनांची चक्क संघटना आहे. आयुष्यात किती वेगवेगळ्या कोस्टरमध्ये बसलो याचा हे लोक हिशेब ठेवतात आणि प्रत्येक कोस्टरला एक 'क्रेडिट' म्हणतात. त्यांची क्रेडिट्स शेकड्यांत जातात. माझी आहेत सहा. म्हणजे इथेही एटीकेटीच!

या नादाची शाळा म्हणजे माझं आजोळ, जांब समर्थ. जालना जिल्हा, तालुका घनसावंगी. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली रामनवमीला याच गावात झाला, त्यामुळे रामनवमीचा उत्सव हा गावाचा सगळ्यात मोठा सण. देवळात दुपारी बारा वाजता रामजन्माचा पाळणा हलतो आणि संध्याकाळी बाहेर लोखंडी पाळणे फिरायला लागतात. मी शिकले जालन्याला कॉन्व्हेंटमध्ये. तिथे सिस्टरांनी शेक्सपिअर शिकवला, पण 'पोटात गोळा येणे' याच्या तोडीचा शब्द मला अजून इंग्रजीत सापडलेला नाही. तो अनुभव मात्र मामाच्या मांडीवर बसून पाचव्या वर्षीच घेतला होता.

मेकॅनिकलला आल्यावर कळलं, की हा गोळा म्हणजे अगदी साधं गणित आहे. समजा, पाळण्याची त्रिज्या ६ मीटर आणि मिनिटाला ६ फेऱ्या. ओमेगा स्क्वेअर आर काढा, उत्तर येतं साधारण २.४, म्हणजे जवळजवळ पाव जी. वरच्या टोकाला तुमचं वजन पाऊणपट होतं आणि खालच्या टोकाला सव्वापट. आपण पैसे देतो ते या वजनाच्या फरकाचे! 'मौत का कुआँ'मध्येही तेच. विहिरीची त्रिज्या ५ मीटर आणि घर्षणाचा गुणांक ०.८ धरला, तर भिंतीवर टिकून राहायला ताशी २८ किलोमीटर वेग पुरतो. आपले हॉस्टेलचे वीर कँटीनला जाताना याहून जोरात गाडी मारतात. अर्थात उभ्या भिंतीवर मारायला वेगळं काळीज लागतं, हा भाग निराळा.

आणि रोलर कोस्टर? त्याच्या तर मी प्रेमातच आहे. खोपोलीजवळच्या इमॅजिकामध्ये २०१३ पासून 'नायट्रो' आहे. पायाखाली फ्लोअरच नाही, पाय हवेत लोंबकळतात. उंची सुमारे ४० मीटर. दोन जी एचचं वर्गमूळ काढा, २८ मीटर पर सेकंद, म्हणजे ताशी शंभर किलोमीटर! आणि या गाडीला वर चढवल्यानंतर इंजिनच नसतं बरं का. चेनने एकदा वर ओढून नेलं की पुढचा सगळा खेळ गुरुत्वाकर्षणाचा. चढताना जो 'टक टक टक' आवाज येतो, तो गाडीने मागे घसरू नये म्हणून बसवलेल्या खिटीचा. ज्या आवाजाने लोकांची पाचावर धारण बसते, तोच आवाज खरं म्हणजे सांगत असतो, "घाबरू नका, मी आहे."

लूपचंही तसंच. तो पूर्ण गोल केला, तर वरच्या टोकाला जेमतेम चिकटून राहण्याइतका वेग ठेवला तरी खाली शरीरावर सहा जी येतात. मान मोडायची! म्हणून लूप थेंबाच्या आकाराचा करतात. खाली त्रिज्या मोठी, वर लहान. वेर्नर श्टेंगेल या जर्मन इंजिनिअरने हा क्लोथॉइड आकार वापरून कॅलिफोर्नियातला १९७६ चा 'रिव्होल्यूशन' डिझाइन केला. सिव्हिलवाल्यांनो, कॉलर ताठ करा. हायवेच्या वळणाला तुम्ही वापरता तीच ही ट्रान्झिशन कर्व्ह. सांगायचा मुद्दा हा, की चांगल्या राइडमधली भीती ही कुणीतरी कागदावर आधी मोजलेली असते. भीती खरी, धोका मात्र जवळपास नाही. शौकीन माणूस प्रेम करतो ते या गोष्टीवर.

आता तक्रारी. त्या नाहीत असं कोण म्हणेल? मोठे पार्क आपल्यापासून कोसांवर. जालन्याहून खोपोली साडेतीनशे किलोमीटरच्या वर. १९८९ मध्ये गोराईला सुरू झालेलं एस्सेलवर्ल्ड आई-बाबांच्या तोंडून ऐकलं, तोवर ते बंद झालं. आमच्या बाजूला जवळचं म्हणजे शेगावचं आनंद सागर. ते २००१ साली गजानन महाराज संस्थानाने उभं केलं, मध्ये काही वर्षं बंद होतं, २०२३ मध्ये त्याचा काही भाग पुन्हा उघडला. पण ते शांत, भाविक ठिकाण. तिथे थरार शोधणं म्हणजे लायब्ररीत डीजे मागण्यासारखं आहे.

बरं, पैसे साठवून, रात्रभर एसटीत अवघडून एकदाचे पोचलो तरी काय होतं? राज्याबाहेरच्या एका पार्कातली गोष्ट सांगते, नाव मुद्दाम घेत नाही. गेटवर आजीने दिलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी काढून ठेवायला लावली. बाहेरचं खाणं चालणार नाही! आत गेलो तर ज्या कोस्टरसाठी गेलो त्यावर पाटी, 'मेंटेनन्ससाठी बंद'. हे तिकीट काढताना कोणी सांगितलं नाही. दुसऱ्या कोस्टरला दोन तास रांग, कारण दोनपैकी एकच गाडी चालू. आमच्या शेजारून जास्तीचे पैसे भरलेले लोक झुळझुळ पुढे जात होते. दोन तास उभं राहायचं आणि दीड मिनिट बसायचं. आमच्या ग्रुपमधल्या एकीने तर एफिशियन्सी काढली, सव्वा टक्का! वाफेचं इंजिनसुद्धा आपल्यापेक्षा बरं.

पण खरं सांगू? 'मेंटेनन्ससाठी बंद' या पाटीचा मला राग आला तो फक्त आधी न सांगितल्याचा. बंद ठेवल्याचा अजिबात नाही. शंका आली तर मशीन बंद ठेवणारा माणूस हा शौकिनांचा शत्रू नव्हे, तो आपला सगळ्यात जवळचा मित्र आहे. रिकाम्या गाड्या सकाळी फिरवून बघितल्याशिवाय चांगला पार्क माणसं बसवत नाही. ही शिस्त तिकिटाच्या पैशांत येते.

आणि इथेच मला माझ्या गावचा पाळणा आठवतो. कारण महाराष्ट्रातल्या बहुसंख्य पोरांचं थीम पार्क म्हणजे जत्राच. गावचा उरूस असो, माळेगावच्या खंडोबाची यात्रा असो की आमची रामनवमी. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातलं पोरगं इमॅजिकाला कधी जाणार? त्याचा सगळा थरार वीस-तीस रुपयांच्या फेरीत. मग त्याची भीती हिशेबातली नको का?

पार्कातली राइड एकाच पायावर वर्षानुवर्षे उभी असते. जत्रेतला पाळणा चार दिवसांनी खोलून ट्रकमध्ये चढतो आणि पुढच्या गावी पुन्हा जोडला जातो. रात्री, घाईत, बॅटरीच्या उजेडात. प्रत्येक वेळी जमीन नवी, खालचं लाकडी पॅकिंग नवं, पिना पुन्हा ठोकलेल्या. म्हणजे इंजिनिअरच्या नजरेने पाहिलं तर प्रत्येक गावात ते एक नवं मशीन असतं! परवानगीचा कागद असेलही, पण कागद एकदाच होतो आणि जोडणी पन्नासदा.

शिवाय फटीग. व्हायव्हाला आपण घडाघडा म्हणतो, 'टेन रेज टू सिक्स सायकल्स, सर!' आता तेच पाळण्याला लावा. मिनिटाला ६ फेऱ्या, तासातला निम्मा वेळ फिरला आणि दिवसाला ६ तास चालला, तर १०८० फेऱ्या. वर्षात शंभर दिवस जत्रा, म्हणजे एक लाख आठ हजार. दहा वर्षांत दहा लाखांच्या वर! प्रत्येक फेरीत आऱ्यांवरचा लोड बदलतो, आणि वेल्डिंगचा सांधा तर अखंड लोखंडापेक्षा आधीच कच्चा. वरून रंग झकास मारलेला असतो. पण भेग रंगाखाली असते, आणि ती कुणाला विचारून वाढत नाही.

ही नुसती पुस्तकी भीती नाही. १४ जुलै २०१९ ला अहमदाबादच्या कांकरियात झोका घेणारी राइड हवेतच मोडून कोसळली, दोघांचा जीव गेला. ४ सप्टेंबर २०२२ ला मोहालीच्या मेळ्यात ड्रॉप टॉवर थेट जमिनीवर आदळला, दहाहून जास्त माणसं जखमी झाली. कांकरिया तर कायमचं ठिकाण होतं, जत्रा नव्हे. दर वेळी तेच होतं. चार दिवस चर्चा, चौकशी, अटक आणि मग पुढची जत्रा.

यावर काही जण म्हणतात, "मग जत्रेतले पाळणे बंदच करा ना." मला हे साफ नामंजूर आहे. बंद करणं सोपं असतं, कारण ज्यांचं बंद होतं त्यांचा आवाज वरपर्यंत पोचत नाही. पाळणेवाल्यांचीही घरं त्यावरच चालतात. त्यातल्या कित्येकांना नटाचा आवाज ऐकून ढिला की घट्ट ते कळतं. आपल्याला वर्कशॉपच्या चार सेमिस्टर्समध्ये जमलं नाही ते! त्यांना नावं ठेवणारी मी कोण? माझं म्हणणं एवढंच, की त्यांच्या अनुभवाला आपल्या शिक्षणाची जोड मिळाली तर बिघडलं कुठे?

म्हणून माझी एक सूचना आहे, आणि ती सरांनीही वाचावी अशी इच्छा आहे. दरवर्षी आपण सोशल प्रोजेक्टच्या नावाखाली झाडं लावतो. ती पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात पुन्हा लावावी लागतात. त्याऐवजी आपण जत्रेतल्या पाळण्यासाठी एक पानी मराठी तपासणी यादी बनवूया. स्प्लिट पिना सगळ्या आहेत का, वेल्डजवळ गंजाची बारीक रेघ दिसते का, पायाखालचं पॅकिंग सरकलंय का, ब्रेक किती फेऱ्यांत थांबवतो, अर्थिंग आहे का, रिकामी फेरी झाली का, वाऱ्यात पाळणा बंद करायचा निर्णय कोणाचा. बास, इतकंच. सर्टिफिकेट द्यायचा अधिकार आपल्याला नाही, तो दावा करायचाही नाही. पण यात्रा कमिटीच्या हातात ही यादी असेल, तर अधिकारी माणसाला नेमका प्रश्न विचारता येईल. प्रश्न विचारला जाणार हे माहीत असलं, की जोडणी करणाऱ्याला घाई करायला लावणारा मालकही जरा थांबतो.

आणि आपणही बसायच्या आधी एक मिनिट खाली उभं राहून पाहूया. आवाज ऐकूया. पिनेच्या जागी तार गुंडाळलेली दिसली तर न बसता परत फिरूया. मित्र 'फट्टू' म्हणतील, म्हणू देत. डोळे मिटून बसणारा धाडसी असेलही, पण शौकीन नक्कीच नव्हे. शौकीन तो, ज्याला पिन कुठे असते ते ठाऊक आहे.

डिझाइनच्या सरांशी माझं बोलणं झालंय, ते यादी तपासून द्यायला तयार आहेत. मेकॅनिकलवाल्यांनो, नावं द्या. सिव्हिल आणि इलेक्ट्रिकलवाल्यांशिवाय पाया आणि अर्थिंग कोण बघणार? तेव्हा तुम्हीही या. सुरुवात येत्या रामनवमीला जांब समर्थपासून करू. राहायची सोय मामाच्या वाड्यात, धपाट्यांची जबाबदारी आजीची. आणि तिथे गेटवर कोणी काढून घेत नाही!