बेचाळिसाव्या दिवसानंतर

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे म्हणण्याची रीत आहे. मेहकर तालुक्यातील जानेफळसारख्या गावात गरोदरपणी रक्तदाब वाढलेली स्त्री सुखरूप मोकळी झाली, की घरच्यांना हायसे वाटते. शासनाचेही समाधान तेथेच थांबते. आशा कार्यकर्ती बेचाळिसाव्या दिवसापर्यंत घरी येते. २०१८ पासून आखलेल्या योजनेनुसार पुढे तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्यापर्यंत आणखी पाच भेटी ठरल्या आहेत, पण त्या मुलासाठी. आई हिशेबातून वजा होते.

विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० वर जाणे आणि लघवीतून प्रथिने जाणे ही धोक्याची खूण होय. झटके रोखणारे मॅग्नेशियम सल्फेट स्वस्त आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, दहा हजारांहून अधिक स्त्रियांवरील चाचणीत त्याने झटक्यांचा धोका निम्म्यावर आणला. परंतु प्रसूतीबरोबर हे दुखणे संपत नाही. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा ब्रिटिश मेडिकल जर्नलने २००७ साली छापला. त्यानुसार अशा स्त्रियांना पुढे कायमचा रक्तदाब जडण्याची शक्यता साडेतीन पटींहून अधिक असते. हृदयविकाराची शक्यता दुप्पट, तर पक्षाघाताची जवळजवळ दुप्पट असते.

सरकारी आरोग्यकेंद्रांतील रक्तदाबाची सार्वत्रिक तपासणी मात्र तिशीपासून सुरू होते. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन तेविसाव्या वर्षी दोन लेकरांची आई झालेल्या स्त्रीने सात वर्षे वाट पाहावी काय? सोयाबीनच्या सोंगणीचा दिवस बुडवून, पदरचे भाडे खर्चून, काही दुखत नसताना ती दवाखान्यात जाणार नाही. त्यात तिचे अज्ञान नाही. बुडणाऱ्या मजुरीचा तो हिशेब आहे.

मनुष्यबळ अपुरे आहे, असे उत्तर मिळेल. ते खरेही आहे. पण मुलासाठी जी भेट ठरलेलीच आहे, तिच्यात आईच्या दंडाला पट्टा बांधण्यास किती वेळ लागतो? मात्र हे काम आशांवर फुकट लादता कामा नये. त्यांना स्वयंसेविका म्हणवून मोबदल्यावर राबविणे थांबवून, वेतन आणि रक्तदाबयंत्र दोन्ही दिले पाहिजेत. घरी सोडताना मिळणाऱ्या कागदावर ‘दरवर्षी रक्तदाब तपासा’ असे स्पष्ट लिहिले पाहिजे.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभ विधेयकाचा पुरस्कार करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे व त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, अशी भूमिका मांडली होती. शेतमजूर स्त्रीच्या वाट्याला पगारी प्रसूतिरजा आजही आलेली नाही. निदान तिच्या रक्तदाबाची नोंद तरी बेचाळिसाव्या दिवशी बंद होऊ नये.