गिऱ्हाईक माइकचे नाव विचारत नाही

कर्ज काढून न्यूमनचा यू-87 माइक घ्यावा का? नवा स्टुडिओ टाकणारे अनेक जण हा प्रश्न मनात घेऊनच सुरुवात करतात. मोठ्या नावाचा माइक असला की गिऱ्हाईक आपोआप येईल, असा त्यामागे विश्वास असतो. या विश्वासाची पारख आम्ही झरी जामणी डोळ्यांसमोर ठेवून करत आहोत. आपल्यापैकी अनेकांचा धंदा मुंबईपेक्षा झरी जामणीसारख्या तालुक्याच्या जवळचा आहे.

यवतमाळ जिल्ह्याचे हे टोक. पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद. मराठीसोबत इथे कोलामी, गोंडी, गोरमाटी आणि तेलुगू कानावर पडते. अशा ठिकाणी स्टुडिओत येणार कोण? खंजिरी भजनाचे मंडळ, भीमगीते गाणारा तरुण, होळीआधी लेंगी गाणी रेकॉर्ड करायला निघालेली तांड्यावरची पोरे, प्रचारगीत हवे असलेला उमेदवार. त्यांच्यातला कुणी माइकचा मॉडेल नंबर विचारत नाही. शेजारच्या गावाचे गाणे मोबाइलवर ऐकून तो येतो आणि म्हणतो, "आमचं बी असंच करून द्या ना भाऊ." त्याला आणलेले असते ते आधीच्या गाण्याने.

आता हिशेब पाहू. 1967 साली बाजारात आलेल्या यू-87 च्या आजच्या आवृत्तीला सुमारे तीन लाख रुपये पडतात. एका गाण्याचे तीन हजार धरले, तर शंभर गाणी केवळ माइकची किंमत फेडण्यात जातील. व्याज, वीज आणि तुमची मजुरी यात धरलेलीच नाही.

नावाला अजिबात किंमत नाही, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. 2016 च्या 'सैराट'च्या संगीतासाठी अजय-अतुल लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर गेले, तेव्हा त्या जागेच्या नावाचा गाजावाजा झाला. पण त्यांनी तिथे विकत घेतले काय? अख्खा वाद्यवृंद सामावून घेणारे ते दालन आणि स्वरलिपी समोर ठेवताच वाजवणारे वादक. यंत्राचा नंबर तिथेही नंतरच येतो. उलट बाजूची उदाहरणे तर ठळक आहेत. 'थ्रिलर'मधला मायकल जॅक्सनचा आवाज ध्वनिमुद्रक ब्रूस स्वीडियन यांनी शुअरच्या एसएम-7 या साध्या डायनॅमिक माइकवर घेतला. बिली आयलिशचा 2019 चा अल्बम मुख्यतः घरातल्या झोपण्याच्या खोलीत तयार झाला आणि 2020 मध्ये त्याला वर्षातील सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी मिळाले.

मग पैसा कुठे घालावा? आमचे उत्तर स्पष्ट आहे: आधी खोलीत. आपल्याकडे दहा बाय दहाची खोली आणि छतही दहा फुटांवर, असे सर्रास असते. लांबी, रुंदी, उंची सारखी असल्यामुळे 56 हर्ट्झ आणि त्याच्या दुपटीचा 112 हर्ट्झ, हे स्वर तिन्ही दिशांनी एकावर एक चढतात. पुरुषी आवाजाचा खालचा भाग नेमका तिथेच असतो. गायक चांगला असूनही आवाज मडक्यातून आल्यासारखा घुमतो. यू-87 सारखा महागडा कंडेन्सर माइक तो घुमारा जास्तच इमानाने टिपतो. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवून हा दोष जात नाही. खालच्या स्वरांना जाडी लागते. कापसाच्या या जिल्ह्यात ती जाडी पिंजाऱ्याकडे मिळते. कोपऱ्यांत फूटभर जाडीच्या रुईच्या गाद्या उभ्या करा, भिंतीपासून थोडी जागा सोडून. कापूस पेट घेतो, म्हणून वायरिंग त्यांच्यापासून लांब ठेवा.

दुसरा खर्च अर्थिंगचा. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, खड्ड्यातली ओल जाते आणि हेडफोनमध्ये 50 हर्ट्झची घरघर सुरू होते. अनेकदा दोष माइकवर जातो, केबल बदलली जाते. खड्ड्यात मीठ-कोळसा भरून उन्हाळाभर पाणी घालत राहिलात, तर हजारोंची खरेदी टळू शकते.

तिसरी गुंतवणूक कानांची. खंजिरी भजनात गाणाराच अनेकदा खंजिरी वाजवतो आणि तिच्या झांजा शब्दांवर चढतात. अशा वेळी साधा एसएम-58 घ्या. खंजिरी आणि ओठ यांच्या मधोमध तो असा धरा, की त्याचे तोंड गायकाकडे आणि पाठ खंजिरीकडे राहील. पाठीमागचा आवाज हा माइक फार कमी उचलतो. शब्द सुटे होतात. भजनी मंडळाला कारण कळणार नाही, पण आपले शब्द प्रथमच स्पष्ट ऐकू आल्याचे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसेल. पुढचे गिऱ्हाईक त्या समाधानातून येते.

तुमचे गिऱ्हाईकच व्यावसायिक असेल, मुंबई-पुण्याहून डबिंगचे किंवा ऑडिओबुकचे काम येत असेल आणि समोरचा उपकरणांची यादी मागत असेल, तर मोठे नाव जरूर उपयोगी पडते. पण तेव्हाही आधी भाड्याने आणा. तशी कामे वर्षभर येत राहिली, तर मग घ्या.

शेवटी एक कळकळीची विनंती. कोलामांचे ढोल पोडावर, म्हणजे त्यांच्या वस्तीवर, अंगणात वाजतात. पंचवीस जणांचा नाच दहा बाय दहाच्या खोलीत मावत नाही. तिथे दोन दणकट माइक आणि बॅटरीवर चालणारा रेकॉर्डर घेऊन आपणच जायला हवे. कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा, तिची गाणी मुख्यतः तोंडी चालत आलेली. ती नीट मुद्रित करण्याचे काम महानगरातला कोणताही स्टुडिओ तुमच्याइतक्या जवळून करू शकणार नाही. म्हणून फलक रंगवाल तेव्हा माइकच्या नावाच्या जागी लिहा: 'कोलामी, गोंडी, गोरमाटी गाणी रेकॉर्ड करून मिळतील. गावात येऊन करू.' ज्याला हे वाचून आपली भाषा दिसेल, तो दार ढकलून आत येईल.