नाडी आणि मनगटावरचें यंत्र

अलीकडे मनगटावरील घड्याळानें आपल्या जुन्या कामाखेरीज अनेक नवीं कामें पत्करिलीं आहेत. पूर्वीं तें वेळ सांगे व स्वस्थ बसे. आतां तें पावलें मोजतें, हृदयाचे ठोके मोजतें, झोपेचे तास मोजतें, आणि सायंकाळपर्यंत ठराविक आंकडा भरला नाहीं तर थरथरून आठवणही देतें. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या हातीं हें यंत्र आलें आहे. ज्यांच्या हातीं नाहीं त्यांच्या घरीं तें घेण्याविषयीं हट्ट चालू आहे. अशा वेळीं व्यायामास या यंत्राचें साहाय्य किती व त्यावर विश्वास कितपत ठेवावा, याचा विचार विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं मिळून करणें अगत्याचें आहे, असें आम्हांस वाटतें.

आमचें मत आरंभींच सांगतों. यंत्र वाईट नाहीं. परंतु ज्याला स्वतःची नाडी मोजतां येत नाहीं त्याच्या मनगटावर तें बांधणें म्हणजे अक्षरओळख नसलेल्याच्या हातीं ग्रंथ देण्यासारखें आहे. आधीं नाडी, मग यंत्र, हाच खरा क्रम होय.

नाडी पाहण्याची विद्या नवी नव्हे. आपल्याकडील वैद्य अंगठ्याच्या मुळाशीं बोटें ठेवून नाडी पाहत. शार्ङ्गधरसंहितेंत तिचें वर्णन आहे. इंग्लंडांत सर जॉन फ्लॉयर या वैद्यानें १७०७ सालीं नाडी मोजण्याच्या घड्याळावर ग्रंथच प्रसिद्ध केला. पुढें विलेम आइंथोवेन या डच शास्त्रज्ञानें हृदयांतील सूक्ष्म विद्युत्प्रवाह टिपणारें उपकरण सिद्ध केलें व त्यास १९२४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. हृदयाच्या याच विजेचा माग घेऊन फिनलंडमधील पोलार कंपनीनें १९८२ सालीं छातीस पट्टा बांधून मनगटावर ठोके दाखविणारें बिनतारी यंत्र खेळाडूंकरितां बाजारांत आणिलें.

आजच्या मनगटी यंत्राची रीत मात्र बहुधा निराळी असते. त्याच्या पाठीमागून हिरवा प्रकाश त्वचेवर पडतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतें. प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेखालील रक्त क्षणभर वाढतें व परत येणारा प्रकाश तितका कमी होतो. या चढउतारावरून यंत्र ठोक्यांचा हिशेब करितें. युक्ति खरोखर सुंदर आहे. परंतु पट्टा सैल असला, हात जोरानें हालला, किंवा थंडीनें त्वचेंतील रक्त कमी झालें, कीं हा हिशेब चुकूं लागतो. संथ चालतांना जें यंत्र प्रामाणिक असतें, तेंच खो-खोच्या धांवपळींत भलतेंच कांहीं सांगूं शकतें.

आतां यंत्राच्या आंकड्यांकडे वळूं. दिवसाला १०,००० पावलें चाललींच पाहिजेत, हें वचन आज जणूं धर्माज्ञेप्रमाणें पाळलें जातें. त्याचा उगम मात्र दुकानांत आहे. १९६५ सालीं जपानांत एका कंपनीनें पावलें मोजणारें यंत्र विकावयास काढलें व त्याचें नांवच ‘दहा हजार पावलांचें मापक’ अशा अर्थाचें ठेविलें. आंकडा गोल होता, लक्षांत ठेवावयास सोपा होता, म्हणून तो टिकला. अमेरिकेंतील वृद्ध स्त्रियांचा एक अभ्यास २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत दिवसाला सुमारें ४,४०० पावलें चालणाऱ्यांचें मृत्युप्रमाण सुमारें २,७०० पावलें चालणाऱ्यांपेक्षां पुष्कळ कमी आढळलें, आणि सुमारें ७,५०० पावलांच्या पुढें लाभ फारसा वाढला नाहीं. तेव्हां घरच्या आजीबाई बाजारांत जाऊन येऊन ५,००० पावलें चालत असतील, तर नातवाच्या घड्याळानें त्यांस नापास करण्याचें कारण नाहीं.

दुसरा प्रसिद्ध नियम असा, कीं २२० मधून वय वजा करावें व उरेल ती हृदयाची कमाल गति समजावी. पुष्कळ यंत्रें याच्याच आधारें व्यायामाच्या पायऱ्या पाडितात. हा सरासरीचा अंदाज आहे. व्यक्तिव्यक्तींत १० ते १२ ठोक्यांचा फरक सहज पडतो, आणि वाढत्या वयाच्या मुलांस तर हा नियम नीट लागूच पडत नाहीं. पालकांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. रक्तदाबावरील व हृदयविकारावरील कांहीं औषधें हृदयाची गति मुद्दाम मंद ठेवितात. असें औषध घेणाऱ्यानें घड्याळानें नेमलेला अंक गांठण्यासाठीं धांवणें हें स्वतःस संकटांत लोटणें होय. त्यानें आपली मर्यादा डॉक्टरांसच विचारावी.

तिसरा आंकडा उष्मांकांचा. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत सात मनगटी यंत्रें तपासून त्यांचा वृत्तांत २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांपैकीं सहांची ठोक्यांतील चूक शेंकडा ५ च्या आंत होती, ही प्रशंसनीय गोष्ट होय. परंतु खर्च झालेल्या उष्मांकांच्या बाबतींत सर्वांत चांगल्या यंत्राची चूक शेंकडा २७ व सर्वांत वाईटाची शेंकडा ९३ निघाली. म्हणजे यंत्रानें परवानगी दिली म्हणून दोन बटाटेवडे अधिक खाणाऱ्याचा हिशेब कोठें जाईल, हें सांगावयास नकोच.

यावर कोणी म्हणेल, “यंत्र चुकलें तरी तें आळशास उठवितें, हें काय थोडें आहे?” हा आक्षेप खरा आहे व आम्ही तो मान्य करितों. मोजणें हा दोष नव्हे. आपल्या तालमींत जोर-बैठकांची मोजणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. सूर्यनमस्कारही संख्येनेंच घालतात. परंतु तेथें मोजणारा व व्यायाम करणारा एकच असे. आंकडा त्याच्या श्वासांतून व घामांतून उमटे, आणि वस्तादांची दृष्टि संख्येपेक्षां अंगस्थितीवर असे. आज आंकडा बाहेरून येतो व आपण त्याची वाट पाहतों. थकवा आला कीं नाहीं, हेंही जो घड्याळास विचारतो, तो आपल्याच देहाची भाषा विसरूं लागला, असें म्हणावें लागेल. छातींत दुखत असतां किंवा घेरी येत असतां ‘घड्याळ तर ठीक म्हणतें’ म्हणून जो मुलगा धांवत राहील, त्याच्या यंत्रानें त्याचें हित केलें काय?

याहून मोठी काळजी आम्हांस मैदानाची वाटते. एकाच वर्गांत चारांच्या मनगटीं यंत्र व चाळीसांच्या रित्या, अशी स्थिति असतां ‘आज कोणाचीं पावलें अधिक’ ही शर्यत सुरू झाली, कीं रोज दोन मैल पायीं येणारा विद्यार्थी हिशेबांतूनच गळतो. त्याचीं पावलें कोणीं मोजलीं नाहींत. तथापि त्याच्या हृदयानें तीं मोजलेलीं आहेत! व्यायाम ही अशी संपत्ति आहे कीं जी श्रीमंत व गरीब यांस परमेश्वरानें सारखीच उपलब्ध करून दिली आहे. तिच्या दाराशीं आपण विकतची चौकी बसवूं नये.

म्हणून आमची सूचना अशी. कवाइतीच्या तासांत प्रत्येक विद्यार्थ्यास नाडी मोजण्यास शिकवावें. तर्जनी व मध्यमा हीं दोन बोटें दुसऱ्या हाताच्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूस, हलकेंच ठेवावीं. अंगठ्यानें मोजूं नये, कारण त्याची स्वतःची नाडी घोटाळा करिते. १५ सेकंदांतील ठोके मोजून त्यांस ४ नीं गुणावें. स्वस्थ बसलें असतां एकदां, धांवणें संपतांच एकदां, व एक मिनिटानें पुन्हां एकदां, असे तीन आंकडे वहींत लिहावे. नियमित व्यायामानें विसांव्यांतील ठोके हळूहळू कमी होतात व धांवल्यानंतर नाडी अधिक लवकर उतरते. हा बदल स्वतःच्या अक्षरांत पाहण्याची गोडी कांहीं और आहे.

श्रमाची पायरी ओळखण्यासही साधी रीत आहे. चालतां-खेळतां बोलतां येतें पण गातां येत नाहीं, तो मध्यम श्रम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तो जोराचा श्रम. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं ५ ते १७ वर्षांच्या मुलांस रोज सरासरी ६० मिनिटें अशा मध्यम वा जोराच्या श्रमाची शिफारस केली आहे. त्यास लंगडी, आट्यापाट्या, हुतुतू, फुटबॉल, शिडी चढणें, विहिरीचें पाणी ओढणें, सर्व चालतें.

ज्यांस डॉक्टरांनीं सांगितलें आहे, किंवा जे लांब पल्ल्याच्या शर्यतीची तयारी करितात, त्यांनीं यंत्र अवश्य वापरावें. त्यांच्या कामीं तें चांगला चाकर ठरेल. इतर पालकांनीं तें घेण्यापूर्वीं आपल्या मुलास एकच प्रश्न विचारावा: “तुझी नाडी आतां किती चालते, तें बोटांनीं मोजून सांग पाहूं?” उत्तर आलें तर यंत्राचा विचार करण्यास हरकत नाहीं. उत्तर आलें नाहीं तर दोघांनींही आधीं मैदानावर जावें. देह ही आपणांकडे सोंपविलेली ठेव आहे. तिचा हिशेब दुसऱ्यानें ठेविला तरी जबाबदारी आपलीच राहते.