तहानलेली जमीन आणि शिवनेचा पूर

चातुर्मास सुरू झाला की लासूर स्टेशनच्या पेढ्यांवर सकाळी एकच विचारणा असते: रात्री किती पाऊस झाला? शिवनेला पूर येईल की नाही, हे मात्र केवळ त्या आकड्यावर ठरत नाही. आधीचे महिने कसे गेले, यावरही ते अवलंबून असते.

दुष्काळात काळी जमीन खोलवर भेगाळते. पहिला मोठा पाऊस त्या भेगांत जिरतो, उरलेला कोरड्या विहिरी आणि बंधारे गिळतात. नदी जेमतेम वाहते. पुढे माती फुगून भेगा मिटतात. मग पर्युषणाच्या सुमारास तेवढाच पाऊस झाला, तर बहुतेक पाणी ओढ्यांतून थेट नदीत उतरते. डोंगरउताराची गोष्ट निराळी. तिथे माती पातळ, खाली कातळ. त्यामुळे दुष्काळानंतरही जोराच्या सरीचे पाणी धावत सुटते.

गोदावरीच्या दुसऱ्या उपनदीचा, मांजरेचा दाखला बोलका आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच पावसाळ्याच्या अखेरीस झालेल्या अतिवृष्टीचे पुष्कळ पाणी कोरड्या मांजरा धरणाने पोटात घेतले. २०२५ च्या सप्टेंबरात ही सवड नव्हती. जमीन आधीच भिजलेली, जायकवाडी भरलेले. मराठवाड्यात पुराने हाहाकार उडाला.

नदीकाठच्या गोदामात सरकी वा कांदा ठेवणारा जाणता व्यापारी म्हणूनच आषाढातल्या शांत शिवनेवर विसंबत नाही. खालच्या थप्प्या तो पोळ्याआधीच उंचावर हलवतो.